एडा लव्हलेस : जे यंत्र बनलंच नाही, त्याचं वर्णन लिहिणारी

फोनमधल्या एआय असिस्टंटला तुम्ही सांगता, डाउनलोड्समधून लाईट बिलाची पीडीएफ शोध आणि घर नावाच्या फोल्डरमध्ये टाक. तो ते करतो. पण कसं? एआय मॉडेल स्वतः फाईलला हात लावू शकत नाही. डेव्हलपरने त्याच्या हाताशी काही टूल्स ठेवलेली असतात. एक फाईल वाचायचं, एक लिहायचं, एक शोधायचं, एक फाईल इकडून तिकडे हलवायचं. प्रत्येक टूलच्या मागे कोड असतो, पण तो कोड मॉडेलला सहसा दाखवलेला नसतो. त्याला दिसतं ते टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती द्यायची त्याची यादी. तेवढ्यावरून ते ठरवतं की कुठलं टूल कधी वापरायचं.

मी पहिल्यांदा असं टूल लिहिलं तेव्हा वर्णनात तीन शब्द टाकले होते : फाईल सेव्ह करतं. मग एजंटला सांगितलं, आजच्या मीटिंगचे मुद्दे नोट्सच्या फाईलमध्ये टाक. त्याने टाकले. फक्त आधीच्या महिन्याभराच्या नोट्स उडाल्या, कारण माझं टूल जुना मजकूर पुसून नवीन लिहीत होतं आणि हे मी कुठेच सांगितलं नव्हतं. कोड मी लिहिला तसाच चालला होता. चूक वर्णनात होती.

त्यानंतर या विषयावर बरंच काही वाचलं. सगळ्यात जास्त शिकवलं ते १८४३ साली लंडनमध्ये छापून आलेल्या एका मजकुराने. तो लिहिणारी होती एडा लव्हलेस. पहिली प्रोग्रॅमर म्हणून तिचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पण तिने नेमकं काय लिहिलं ते बघितलं, तर ते टूलचं वर्णन लिहिण्याच्या कामाशी फार जुळतं. फरक एवढाच की तिच्यासमोर टूलच नव्हतं.

कवीची मुलगी, गणिताची शिकवणी

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा, लंडनचा. वडील म्हणजे प्रसिद्ध इंग्रज कवी लॉर्ड बायरन. ती जेमतेम महिन्याची असताना आई तिला घेऊन घराबाहेर पडली. काही महिन्यांत बायरनने इंग्लंड सोडलं आणि १८२४ मध्ये तो ग्रीसमध्ये वारला. बापलेकीची पुन्हा भेट झाली नाही.

आई ॲनाबेला हिला स्वतःला गणिताची आवड होती आणि नवऱ्याचा लहरीपणा मुलीत उतरेल याची धास्तीही होती. त्यामुळे एडाला लहानपणापासून घरी गणित आणि विज्ञान शिकवलं गेलं. त्या काळात मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते, म्हणून सगळं शिक्षण घरी आणि पत्रांतून.

बारा वर्षांची असताना तिने उडण्याचं यंत्र बनवायचं ठरवलं. पक्ष्यांच्या पंखांची मापं कशी असतात, शरीराच्या मानाने पंख केवढे लागतील, याचा तिने विचार केला आणि त्यावर चित्रांसकट पुस्तक लिहायचा बेतही केला. १८२९ मध्ये गोवर झाला आणि पुढे बराच काळ ती अंथरुणाला खिळली. नंतर कुबड्यांवर चालायची. अभ्यास मात्र सुटला नाही.

बॅबेजचं यंत्र

जून १८३३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिची ओळख चार्ल्स बॅबेजशी झाली. बॅबेज गणितज्ञ होता. त्या काळी जहाजं, बँका, इंजिनिअर सगळे छापील गणिती कोष्टकांवर अवलंबून असायचे आणि ती कोष्टकं माणसं हाताने मोजून काढायची. चुका ठरलेल्या. बॅबेजला ही आकडेमोड दातेरी चाकांच्या यंत्राकडून करून घ्यायची होती. त्या यंत्राचं नाव डिफरन्स इंजिन. १८२३ पासून ब्रिटिश सरकार त्यासाठी पैसे देत होतं. १८३२ मध्ये यंत्राचा एक छोटा भाग जोडून झाला होता आणि बॅबेज तो घरी येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचा. एडाने आईबरोबर जाऊन तो बघितला.

पूर्ण यंत्र काही झालं नाही. मुख्य कारागिराशी पैशांवरून बिनसलं, काम थांबलं. तोपर्यंत बॅबेजच्या डोक्यात दुसरंच, जास्त मोठं यंत्र आलं होतं : ॲनॅलिटिकल इंजिन. पहिलं यंत्र एका ठरावीक पद्धतीने बेरजा करत कोष्टकं काढणार होतं. दुसऱ्याला मात्र कोणती क्रिया कोणत्या क्रमाने करायची ते बाहेरून सांगता येणार होतं, भोकं पाडलेल्या कार्डांनी. ही कल्पना जॅकार्ड मागावरून घेतलेली. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या तत्त्वाच्या मागावर निघते, तेच. यंत्राचे दोन मुख्य भाग होते. एक मिल, म्हणजे आकडे दळायची गिरणी. दुसरं स्टोअर, म्हणजे आकडे साठवायचं कोठार. आजच्या भाषेत प्रोसेसर आणि मेमरी.

अडचण अशी की हे बॅबेजला नीट समजावून सांगता येत नव्हतं. पहिलं यंत्र अर्धवट आणि हा माणूस दुसऱ्याबद्दल बोलतोय, तर दोघांत फरक काय, हे सरकारला कळेना. १८४२ मध्ये सरकारने पहिल्या यंत्राचं काम कायमचं बंद केलं. त्याच नोव्हेंबरमध्ये बॅबेज पंतप्रधान रॉबर्ट पील यांना भेटला. यंत्र समजावून सांगण्यापेक्षा स्वतःवर झालेल्या अन्यायाचा पाढा वाचण्यातच भेट संपली आणि तो रिकाम्या हाताने परतला.

फ्रेंच लेख आणि सात टिपा

मधल्या काळात एडाचं लग्न झालं होतं, १८३५ मध्ये विल्यम किंगशी. १८३८ मध्ये त्याला लव्हलेसचा अर्ल हा किताब मिळाला आणि ती लेडी लव्हलेस झाली. तीन मुलं झाली. पण गणित तिने पुन्हा हातात घेतलं. १८४० पासून ऑगस्टस डी मॉर्गन तिला पत्रांतून शिकवू लागला. बारावीच्या लॉजिकमध्ये ज्याचे नियम आपण घोकले, तोच हा डी मॉर्गन. त्याचा जन्म आपल्याकडे मदुराईचा.

१८४० मध्येच बॅबेजने इटलीत तुरिनला जाऊन नव्या यंत्रावर व्याख्यानं दिली होती. ती ऐकणाऱ्या लुईजी मेनाब्रिआ नावाच्या तरुण लष्करी इंजिनिअरने त्यावर फ्रेंचमध्ये लेख लिहिला, तो १८४२ मध्ये जिनिव्हात छापला गेला. हा मेनाब्रिआ पुढे इटलीचा पंतप्रधान झाला. एडाने या लेखाचं इंग्रजी भाषांतर केलं. बॅबेजला ते कळल्यावर त्याने तिला सुचवलं की जोडीला स्वतःच्या टिपाही लिही.

तिने ए ते जी अशा सात टिपा लिहिल्या. त्या मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट झाल्या. १८४३ च्या उन्हाळ्यात दोघांमध्ये पत्रांचा आणि मसुद्यांचा सपाटा चालू होता. एक मोठा तक्ता तिने पेन्सिलने आखला होता आणि नवरा त्यावर शाईने गिरवत बसला होता. मजकूर छापून आला तेव्हा खाली नाव नव्हतं, फक्त ए. ए. एल. ही अक्षरं.

वाचणाऱ्यांपैकी कुणीही यंत्र बघितलेलं नव्हतं, बघू शकणारही नव्हतं. वर्णन चुकलं तर यंत्र चालवून पडताळायची सोय नव्हती. एआय एजंटची स्थिती पुष्कळशी अशीच असते. टूल चालवल्यावर निकाल दिसतो खरा, पण तोपर्यंत फाईल पुसली गेलेली असू शकते.

तिने काय काय सांगितलं

पहिल्याच टिपेत तिने दोन यंत्रांमधला फरक मांडला. जुनं काय करतं, नवीन काय करतं, जुन्याने काय होणार नाही. पंतप्रधानांपर्यंत जो गोंधळ गेला होता, तोच तिने सगळ्यात आधी सोडवायला घेतला. आपल्याकडे एका एजंटला फाईल एडिट करायचं आणि फाईल लिहायचं अशी दोन टूल्स दिलेली असतात. पहिलं फाईलचा थोडा भाग बदलतं, दुसरं सगळी फाईल बदलून टाकतं. वर्णनं सारखीच वाटली तर एजंट कुठलंही उचलेल. म्हणून टूल काय करतं याबरोबर शेजारच्या टूलपेक्षा वेगळं काय करतं, हेही लिहावं लागतं.

त्याच टिपेत तिने शब्दांच्या दुहेरी अर्थाकडे बोट दाखवलं. गणितात तोच आकडा कधी राशी असतो आणि कधी क्रिया. पाचचा वर्ग लिहिताना वर चढवलेला दोन ही मोजायची वस्तू नाही, ती गुणायची आज्ञा आहे. माणूस संदर्भाने समजून घेतो, पण यंत्रात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. म्हणून क्रिया म्हणजे काय, याची व्याख्याच तिने आधी केली. आपल्या टूल्समध्ये असा फसवा शब्द म्हणजे फाईल. फाईल द्या असं लिहिलं, तर नाव द्यायचं, पूर्ण पाथ द्यायचा की आतला मजकूर? तिन्ही अर्थ निघतात. फाईलचा पूर्ण पाथ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

कोठाराबद्दलच्या टिपेत ती सांगते की आकड्यांच्या प्रत्येक स्तंभाखाली त्याची खूण लिहायला जागा आहे, म्हणजे कुठल्या स्तंभात काय ठेवलंय ते कळावं.

आणि शेवटच्या टिपेत तो प्रसिद्ध तक्ता. बर्नुली संख्या नावाची एक मालिका असते. तिच्यातली पुढची संख्या काढायला आधीच्या संख्या लागतात. ती यंत्राकडून कशी काढून घ्यायची, हे एडाने पंचवीस क्रमांक दिलेल्या पायऱ्यांत मांडलं. मेनाब्रिआच्या लेखातही तक्ते होते, हा त्यांच्यापेक्षा बराच पुढे गेला. प्रत्येक पायरीसाठी रकाने होते : क्रिया कुठली, कोणत्या स्तंभांतले आकडे घ्यायचे, उत्तर कोणत्या स्तंभात ठेवायचं, कुठल्या स्तंभातली किंमत बदलली आणि कुठली तशीच राहिली, आणि शेवटी निकाल काय आला पाहिजे. प्रत्येक स्तंभाच्या नावाला एक छोटा आकडाही जोडलेला, त्यातली किंमत कितव्यांदा बदलली ते सांगणारा. आपण फाईलला व्हर्जन नंबर देतो तसा.

यातला बदलाचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझ्या तीन शब्दांच्या वर्णनात नेमका तोच नव्हता. टूल चालल्यावर जुन्या फाईलचं काय होतं, हे मी लिहिलंच नव्हतं.

यंत्राच्या मर्यादाही तिने स्पष्ट लिहिल्या. आकड्यांमागे चिन्हं किंवा सूर मांडता आले तर हे यंत्र संगीतही रचू शकेल, इतकी लांबची उडी तिने मारली. पण सोबत बजावलं की यंत्राबद्दल अवाजवी कल्पना करू नका. ते स्वतःहून काही सुरू करत नाही, जे करायला सांगणं आपल्याला जमतं तेवढंच करतं. अ‍ॅलन ट्युरिंगने १९५० मध्ये यंत्रं विचार करू शकतील का यावर लिहिताना तिच्या या मुद्द्याला नाव घेऊन उत्तर दिलं.

चुका कुठे झाल्या

बर्नुलीच्या गणितातली बीजगणिताची मांडणी बॅबेजने तिला करून दिली होती. त्यात त्याच्या हातून मोठी चूक झाली होती. ती तिने पकडली आणि कागद परत पाठवला. हे बॅबेजनेच १८६४ मध्ये आपल्या आठवणींत नोंदवलंय.

पण तिच्याकडूनही चुका सुटल्या. मूळ फ्रेंच लेखात एका ठिकाणी छपाईचा घोटाळा होता. कास, म्हणजे प्रसंग किंवा स्थिती, हा शब्द हवा होता आणि छापला गेला कॉस, म्हणजे त्रिकोणमितीतला कोसाइन. वाक्याला अर्थ उरत नव्हता, तरी तिने ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. एजंटही असंच करतो. वर्णनात चुकीचं लिहिलं असेल तर बऱ्याचदा ते खरं धरून पुढे जातो.

दुसरी चूक तक्त्यातल्या चौथ्या पायरीतली. तिथे चौथ्या स्तंभातल्या आकड्याला पाचव्याने भागायचं होतं. छापलंय उलटं, पाचव्याला चौथ्याने. तिच्या उदाहरणात चौथ्या स्तंभात ७ येतात आणि पाचव्यात ९. हवं होतं सात भागिले नऊ, छापील आज्ञा पाळली तर मिळतं नऊ भागिले सात. मग पुढची सगळी आकडेमोड बिघडते. ही चूक तिची की छापणाऱ्याची, ते बाजूला ठेवू. ती आज आपल्याला दिसते, याचं कारण निकालाचा रकाना. तिथे बरोबर उत्तर छापलंय. आज्ञा आणि निकाल दोन्ही लिहिले होते म्हणून त्यांचा मेळ बसत नाही हे कळतं. टूलच्या वर्णनात एखादं उदाहरण द्यायचं ते याचसाठी : अमुक दिलं की तमुक मिळेल. फाईल हलवायच्या टूलमध्ये आधी जुनी जागा द्यायची की नवी, हा गोंधळ एका उदाहरणाने संपतो.

चुकीचं काही हातात आलं तर काय करायचं, याचा विचार बॅबेजनेही केला होता. यंत्राला कोष्टकातला एखादा आकडा हवा असेल तेव्हा ते घंटा वाजवून मागणार. मदतनिसाने चुकीचं कार्ड घातलं तर ते नाकारून जोरात घंटा वाजवत थांबून राहणार, बरोबर कार्ड मिळेपर्यंत. चांगलं टूलही असंच गप्पपणे पुढे जात नाही. फाईल सापडली नाही तर तसं सांगतं, आणि आता काय करून बघता येईल तेही सांगतं.

प्रस्तावनेवरून भांडण

ऑगस्ट १८४३ मध्ये मजकूर छपाईला जाताना दोघांत वाजलं. सरकारने आपल्याशी कसं वागलं याची तक्रार करणारी एक निनावी प्रस्तावना बॅबेजला त्यात घालायची होती. एडाने नकार दिला. मग त्याने लेखच मागे घ्यायला सांगितलं. तिने तेही मानलं नाही. मजकूर यंत्राबद्दलचा होता, त्यात बॅबेजचा राग मिसळू द्यायला ती तयार नव्हती. लगेच तिने त्याला मोठं पत्र लिहून सुचवलं की यंत्र तुम्ही बनवा, लोकांना आणि सरकारला पटवण्याचं काम माझ्याकडे द्या. बॅबेजने ते नाकारलं. मैत्री टिकली, यंत्र मात्र झालं नाही.

पुढची वर्षं सोपी नव्हती. तब्येत साथ देत नव्हती. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावून ती कर्जात बुडाली. गर्भाशयाच्या कर्करोगाने २७ नोव्हेंबर १८५२ रोजी तिचं निधन झालं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. तिच्या इच्छेप्रमाणे नॉटिंगहॅमशायरमधल्या हकनॉलच्या चर्चमध्ये वडिलांशेजारी तिला पुरलं. बॅबेज १८७१ मध्ये गेला.

तिला पहिली प्रोग्रॅमर म्हणावं की नाही यावर इतिहासकार भांडतात, कारण तिच्या आधी बॅबेजने स्वतः काही छोटे प्रोग्रॅम लिहून ठेवले होते. पण ते त्याच्या वह्यांतच राहिले. बाहेरच्या माणसाला हे यंत्र समजावं असं सविस्तर लिहिलेलं जे लोकांपुढे आलं, त्यात एडाचा वाटा सगळ्यात मोठा. १९५३ मध्ये संगणकांवरच्या एका पुस्तकात तिच्या टिपा पुन्हा छापल्या गेल्या. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेला एडा नाव दिलं आणि तिच्या मानकाचा क्रमांक ठेवला १८१५, म्हणजे तिचं जन्मवर्ष. गंमत म्हणजे या भाषेत फंक्शन काय घेतं आणि काय देतं ही बाहेरून दिसणारी माहिती एका भागात लिहायची आणि प्रत्यक्ष कोड दुसऱ्या भागात. कुठली माहिती फक्त आत जाते, कुठली बाहेर येते आणि कुठली आत जाऊन बदलून येते, हेही तिथेच सांगता येतं.

माझं टूल आता

त्या तीन शब्दांच्या जागी आता माझ्या टूलचं वर्णन असं आहे :

दिलेल्या पूर्ण पाथवर नवीन टेक्स्ट फाईल तयार करतं. त्या जागी आधीच फाईल असेल तर काहीही न लिहिता एरर देतं. जुन्या फाईलमध्ये भर घालायची असेल तर हे वापरू नका, शेवटी मजकूर जोडणारं टूल वापरा. फक्त नोट्स फोल्डरच्या आत चालतं. फोटो किंवा पीडीएफसाठी नाही.

हे लिहिताना मला कोडही बदलावा लागला, कारण जुना कोड विचारल्याशिवाय फाईल पुसत होता. हे विसरू नका. वर्णन म्हणजे कुलूप नाही. एआय एजंटला टूल्स जोडायची एमसीपी नावाची जी पद्धत २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली, तिच्यात हे टूल फक्त वाचतं किंवा हे टूल काही पुसू शकतं अशा खुणा लावता येतात. पण त्या केवळ सूचना आहेत. कुठल्या फोल्डरच्या बाहेर जायचं नाही, हे कोडनेच अडवलं पाहिजे. म्हणून फोनवर एखादं अ‍ॅप सगळ्या फाईल्सची परवानगी मागेल तेव्हा त्याचं काम एका फोल्डरमध्ये भागतंय का, ते आधी बघा.

तुम्ही स्वतः असं टूल लिहिणार असाल तर एक करून बघा. कोड न दाखवता फक्त वर्णन एखाद्या मित्राला पाठवा आणि विचारा, त्याच नावाची फाईल आधीच असेल तर काय होईल? त्याला उत्तर देता आलं नाही, तर एजंटलाही देता येणार नाही. तो अंदाज करेल, आणि तो अंदाज तुमच्या फाईल्सवर होईल.